बाईंचा निकाल

मुलांनो, परीक्षा फक्त तुमचीच असते असं तुम्हाला वाटतं ना? पेपर तुम्ही लिहिता, पोटात गोळा तुमच्या येतो, घरी बोलणी तुम्ही खाता. पण आज एक आतली गोष्ट सांगते. पेपर गोळा झाले की आमची परीक्षा सुरू होते!

काही वर्षांपूर्वी मी दापोली तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत होते. चौथीत मुलं किती? अवघी पाच. दुसऱ्या दिवशी चाचणी होती. मधल्या सुट्टीत मी एका शिक्षिका मैत्रिणीशी फोनवर बोलत होते. बोलता बोलता म्हणून गेले, "चौघं छान आहेत गं, पण एकट्यामुळे सगळी सरासरी झोपते." मागे वळून बघते तर तो 'एकटा' दारात उभा. हातात खिचडीची ताटली.

शाळा सुटल्यावर तो रेंगाळला. म्हणाला, "बाई, उद्या मी नाय आलो तर चालेल काय?"

"का रे? बरं वाटत नाही का?"

"बरा हाय. पण मग तुमचा निकाल वर जाईल ना?"

मला काय बोलावं ते सुचेना. कारण त्याचा हिशेब अगदी बरोबर होता. आणि म्हणे हा गणितात कच्चा!

तुम्हीही वहीत मांडून बघा. त्याआधीच्या चाचणीत माझ्या पाच मुलांना 50 पैकी 42, 38, 35, 31 आणि 9 गुण होते. बेरीज 155, सरासरी 31. आता 9 वाला गैरहजर धरा. बेरीज 146, मुलं चार, सरासरी साडेछत्तीस. म्हणजे एक अक्षरही जास्त न शिकवता बाई साडेपाच गुणांनी हुशार झाल्या! साठ मुलांच्या वर्गात एकाने एवढा फरक पडत नाही. पण आमच्या कोकणातल्या वाड्यांवर पाच-सात मुलांचे वर्ग काही नवे नाहीत. तिथे एकाला ताप आला, एक मामाकडे गेला, की बाईंचा निकाल वर किंवा खाली.

मग कोणी म्हणेल, सरासरी नको, प्रत्येकजण किती पुढे गेला ते मोजा. हे जास्त न्यायाचं आहे, मलाही पटतं. 42 वाली मुलगी जूनमध्ये 41 वर होती. तिच्या घरी तिची आत्या रोज अभ्यास घ्यायची. 9 वाला जूनमध्ये 2 वर होता. त्याचे बाबा हर्णैच्या बोटीवर, आई मासळी विकायला. धाकट्या बहिणीला सांभाळायचं काम याच्याकडे. या हिशेबाने माझा सगळ्यात मोठा निकाल तोच! पण इथेही मेख आहे. जूनची चाचणी घेणार कोण? मीच. तपासणार कोण? मीच. मी जूनमध्ये जरा हात आखडून गुण दिले की वर्षअखेर प्रगतीच प्रगती.

हे सगळं सांगायचं कारण, हे हिशेब खरोखर झाले आहेत. आपल्या राज्यात 2015 साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. मुलांच्या चाचण्या घेऊन शाळा 'प्रगत' झाली की नाही ते ठरू लागलं. मूल कुठे अडलं ते कळावं, हा त्यातला चांगला भाग. पुढे ऑक्टोबर 2017 मध्ये शिक्षकांची 12 आणि 24 वर्षांनंतरची पगारवाढ शाळेच्या दर्जाला जोडली गेली. नववी-दहावीच्या शिक्षकांना तर 80 टक्के निकालाची अट. शिक्षकांनी खूप विरोध केला आणि 2019 साली त्या अटी निघाल्या.

ही कल्पना काही नवी नव्हे बरं का! इंग्लंडमध्ये 1862 साली नियमच झाला होता की मुलं वाचन, लेखन, गणितात पास होतील तसे शाळेला पैसे मिळायचे. इन्स्पेक्टर येणार म्हटलं की मुलांकडून धडे घोकून घ्यायचे, बाकी विषय गुंडाळून ठेवायचे. आपल्या मुंबई इलाख्यातही खासगी शाळांना असंच निकालावर अनुदान मिळे. 1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी स्पष्ट सांगितलं, की गरीब आणि अडाणी लोकांत शिक्षण पसरवायला ही निकालावर पैसे देण्याची पद्धत उपयोगाची नाही. ज्या वस्तीत शिक्षणाची गोडीच अजून लागली नाही, तिथे अशा भरवशावर शाळा काढून मास्तराचं पोट भरणार कसं?

अमेरिकेत तर कमालच झाली. तिथे अटलांटा शहरातल्या शाळांची चौकशी झाली, तिचा अहवाल 2011 साली आला. शिक्षक आणि मुख्याध्यापक मिळून 178 जणांवर ठपका! काहींनी तर मुलांच्या उत्तरपत्रिकांतली चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली होती. कॉपी मुलांनी नव्हे, गुरुजींनी केली!

आता आपल्या दापोलीजवळच्या मुरूडला चला. समुद्र बघायला तुम्ही गेला असाल. महर्षी धोंडो केशव कर्वे याच गावचे. इथल्या शाळेत त्यांना सोमण गुरुजी होते. सार्वजनिक कामाची ओढ आपल्याला त्यांच्यामुळे लागली, असं अण्णांनी लिहून ठेवलं आहे. सतरा वर्षांचे असताना अण्णा सहावीच्या परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला निघाले. एसटी नव्हती. शंभर मैलांहून जास्त वाट, मध्ये कुंभार्ली घाट, आणि सगळं पायी. पोचले, तर परीक्षा घेणारे म्हणाले, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, तुला बसता येणार नाही! परत मुरूडला. त्या वर्षी सोमण गुरुजींच्या निकालपत्रकात या मुलापुढे काय लागलं असतं? गैरहजर. याच मुलाने 1916 साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं आणि 1958 साली त्याला भारतरत्न मिळालं. ते गुण कोणत्या रकान्यात भरायचे?

पालकहो, चाचण्या नकोत असं माझं म्हणणं मुळीच नाही. पाचवीतल्या मुलाला दुसरीचं पुस्तक वाचता येत नसेल तर ते चाचणीशिवाय कळणार कसं? आणि न शिकवणारे शिक्षक असतात, हेही खरं आहे. तुमची त्याबद्दलची तक्रार मी झटकणार नाही. पण अशा बाईंना ओळखायचं तर वर्गात येऊन बसा, वह्या चाळा, मुलाला विचारा की आज नवीन काय कळलं. अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2014 साली सांगितलं, की मुलामुलांच्या गुणांत जो फरक दिसतो, त्यातला बहुतेक अभ्यासांप्रमाणे 1 ते 14 टक्केच शिक्षकांमुळे असतो. बाकीच्यात घर आलं, आजारपण आलं, धाकटी बहीण सांभाळणं आलं.

तर त्या संध्याकाळी मी त्याला एवढंच म्हटलं, "उद्या दोन पेन्सिली घेऊन ये. आणि मघाशी मी जे बोलले ते चुकीचं होतं." मुलासमोर असं बोलायला शिक्षकाला किती जड जातं, ते माझ्या व्यवसायबंधूंना माहीत आहे.

तो आला. सोबत बहीणही आणली, कारण घरी कोणी नव्हतं. ती मागच्या बाकावर बसून पाटीवर होड्या काढत होती. त्याला 11 गुण मिळाले. गुणाकाराची दोन्ही उदाहरणं बरोबर. केंद्राच्या बैठकीत आकडे वाचून दाखवले, तेव्हा माझा वर्ग खालून दुसरा होता.