देव सुटल्यावर उरतें काय?

देव मानणें सोडलें तर माणसानें जगावें कशासाठीं, असें आमचे शेतकरी व बलुतेदार बंधु विचारतात. नवस करूनहि ज्या घरांतलें मूल दगावलें, त्या घरांत तर हा प्रश्न रात्रीं झोंप येऊं देत नाहीं. असा माणूस मोकाट सुटतो, हें पुराणिकबुवांचें ठराविक उत्तर. (लांचखाऊ देवभक्त कोणीं पाहिलेच नाहींत जणूं!)

आंध्रांतील गोपराजू रामचंद्रराव ऊर्फ गोरा (१९०२–१९७५) यांच्याकडे पहा. जन्म ब्राह्मणाचा, धंदा वनस्पतिशास्त्र शिकविण्याचा. १९३३ सालीं नास्तिक मतापायीं कॉलेजांतली नोकरी गेली. पुढें १९४० सालीं कृष्णा जिल्ह्यांत मुदुनूर या खेड्यांत त्यांनीं नास्तिक केंद्र काढलें. प्रौढांस अक्षरओळख करून दिली, पौर्णिमेच्या रात्रीं सर्व जातींस एका पंक्तीस बसविलें. वरून कोणी येऊन शिवाशीव मोडणार नाहीं, तेव्हां ती आपणच मोडली पाहिजे, हा त्यांचा सरळ हिशेब.

थोरली कन्या मनोरमा हिचें लग्न त्यांनीं अस्पृश्य मानलेल्या समाजांतील अर्जुनरावांशीं ठरविलें. शपथेंत ‘देव’ काढून ‘सत्य’ घालण्यास गांधीजीहि राजी झाले. जानेवारी १९४८ त त्यांचा खून झाला, तरी मार्चांत आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामांतच तें लग्न लागलें.

आम्ही खोटा दिलासा देणार नाहीं. गेलेलें मूल नास्तिकासहि परत मिळत नाहीं. मात्र नवसाच्या बकऱ्याचे पैसे गांठीस राहतात, आणि शेजाऱ्याच्या तापानें फणफणलेल्या पोरास डॉक्टरकडे न्यावयास हात मोकळे असतात.