गौण पात्राचे ऋण

व्हिडिओ गेमला साहित्यविचारात स्थान असावे का, हा वाद येथे उकरून काढायचा नाही. मात्र वर्गात 'गौण पात्र' ही संकल्पना शिकवताना मला अलीकडे एक राजपुत्र आठवतो. युजी होरी यांनी लिहिलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट ५' (१९९२) या जपानी गेममधला हेन्री.

हेन्री उद्धट आणि खोडकर. लहानग्या नायकाला तो म्हणतो, माझा हुजऱ्या व्हायचे असेल तर शेजारच्या खोलीतल्या पेटीतून त्याची खूण घेऊन ये. खेळणारा पेटी उघडतो, ती रिकामी. पुढे सावत्र आई आपल्या मुलाच्या गादीसाठी हेन्रीला पळवून नेववते. त्याला सोडवायला गेलेले नायकाचे वडील मारले जातात आणि ही दोन मुले दहा वर्षे गुलामीत काढतात.

इथवर कथा कैकेयीच्या वळणाची. पण सुटून परतलेला हेन्री राज्य घेत नाही. सावत्र भावालाच राजा राहू देतो. नंतर तो नायकाला पुन्हा त्याच पेटीकडे पाठवतो. आता तिच्यात मित्रासाठी लिहिलेला मजकूर असतो, त्या वडिलांचे स्मरण करणारा.

कादंबरीत अशी पेटी निवेदक उघडून दाखवतो. येथे दोन्ही वेळा ती आपणच उघडतो. म्हणून पहिल्या वेळचे रितेपण दुसऱ्या वेळी आठवते. सुटका झालेला राजपुत्र म्हणजे नायकाच्या पराक्रमाचे बक्षीस, हा संकेत येथे मोडतो. वाचलेल्याच्या माथी ऋण असते आणि ते तो जाणतो. गौण पात्राला 'कथानकास पूरक' म्हणून एका ओळीत निकालात काढणाऱ्या आपण अध्यापकांनी याचा विचार करावा.