पहिले यश

यश लवकर मिळाले की मनुष्य धन्य झाला, असे सामान्यतः मानले जाते. परंतु असे यश वरदान असते, तशीच ती कसोटीही असते. फ्रेंच गायिका फ्राँस्वाझ आर्दी हिचे चरित्र याची साक्ष देते.

आर्दीचा जन्म १९४४ साली पॅरिस येथे झाला. शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल तिला गिटार भेट मिळाली आणि त्या वाद्यावर ती स्वतःच गाणी रचू लागली. १९६१ मध्ये एका ध्वनिमुद्रिका कंपनीने तिच्याशी करार केला. पहिल्या छोट्या तबकडीत कंपनीची भिस्त होती ती एका परक्या गीतावरून बेतलेल्या गाण्यावर. श्रोत्यांनी मात्र कौल दिला तो आर्दीने स्वतः रचलेल्या गाण्याला! समवयस्क मुलेमुली जोडीने हिंडत असता आपण मात्र एकटीच आहोत, एवढेच त्यातील मुलगी सांगते.

२८ ऑक्टोबर १९६२ रोजी फ्रान्समध्ये सार्वमत होते. त्या रात्री निकालासाठी लोक दूरचित्रवाणीसमोर बसले असता मध्येच आर्दीचे गाणे झाले आणि तिचे नाव देशभर पोहोचले. त्याच वर्षी तिची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाली. तीतील बारांपैकी बहुतेक गीते तिचीच होती. त्या वेळी तिचे वय होते अवघे अठरा!

हे सारे दैवाने घडले, असे कोणी म्हणेल. दैवाने तिला संधी दिली, हे खरे. पण गाणे काही दैवाने रचले नव्हते. उसन्या सुरापेक्षा स्वतःच्या मनातील साधी गोष्ट लोकांना अधिक भिडली, हेच त्या यशाचे मर्म होय.

तथापि खरी कसोटी पुढेच होती. जग स्तुती करीत असता आर्दी स्वतः समाधानी नव्हती. आपल्या आरंभीच्या गाण्यांची वाद्ययोजना तिला सुमार वाटे. म्हणून पुढे तिने लंडनला जाऊन तेथील वादकांच्या साथीने ध्वनिमुद्रण केले. १९६८ च्या सुमारास तिने रंगमंच सोडला; गीतरचना सोडली नाही. तिचा अखेरचा गीतसंग्रह निघाला तो २०१८ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. २०२४ साली तिचे निधन झाले.

टाळ्यांच्या गजरात आपले उणे ऐकू येणे ही दुर्मिळ शक्ती आहे. ती ज्याच्यापाशी असते, त्याचे पहिले यश शेवटचे ठरत नाही.