नळाची पाळी आणि न येणारी बस

जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिकांच्या महानगरपालिका झाल्या त्या २००३ साली. पाटी बदलली की शहर बदलते, अशी समजूत त्या वेळी करून देण्यात आली होती. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या ४ लाख ६० हजार, तर धुळ्याची पावणेचार लाख भरली. एवढ्या वस्तीच्या वाट्याला काय आले, याचा हिशेब मांडण्यास नळ आणि बस या दोन गोष्टी पुरेशा आहेत.

१९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने पाणीपुरवठ्यास कलम ६३ अन्वये बंधनकारक कर्तव्य मानले. प्रवासी वाहतूक मात्र कलम ६६ मध्ये, म्हणजे पालिकेच्या मर्जीवर सोडली. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली. तिच्यातील अठरा विषयांत बसथांबा आहे, बस नाही! निवारा बांधावा, माणसाने त्याखाली उभे राहावे आणि रिक्षाला हात करावा, असा हा घटनासिद्ध क्रम आहे.

जे मर्जीवर सोडले ते झाले नाही, हे एक वेळ समजू शकते. पण जे बंधनकारक आहे त्याचे तरी काय झाले? धुळ्याला तापी, नकाणे, डेडरगाव आणि अलीकडे अक्कलपाडा असे एकाहून अधिक स्रोत असताना आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी नळाला पाणी येण्याचा अनुभव शहराने वर्षानुवर्षे घेतला. जळगाव पूर्वी गिरणेचे पाणी पीत असे, आता वाघूरचे पिते. प्लास्टिकच्या नळ्या आणि ठिबक संच देशभर पाठविणाऱ्या या शहरातही नळाची पाळी मोजूनच दिवस काढावे लागले आहेत.

टंचाईचा खर्च पालिकेच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून तो नाहीसा होत नाही. तो घराघरांत वाटला जातो, आणि फार विषम रीतीने वाटला जातो. ज्याच्या अंगणात भूमिगत टाकी आणि विजेचा पंप आहे त्याला आठ दिवसांची पाळी जाणवतही नाही. एका खोलीत राहणाऱ्या यंत्रमाग कामगाराला दोन पिंपांपलीकडे साठवणूक शक्य नसते. त्याच्या घरातील बाईला पाण्याच्या दिवशी रोजावर पाणी सोडावे लागते. चटईच्या कारखान्यात पाळीवर जाणारा मजूर बस नसल्यामुळे रोजच्या मजुरीतून रिक्षाचे भाडे काढतो. अर्थशास्त्रात याला कराचे नाव नाही. पण गरिबावर अधिक आणि श्रीमंतावर कमी बसणारा हा करच आहे. त्याची पावती मिळत नाही, एवढाच फरक.

आपल्याच पांझरेकाठी याहून शहाणी व्यवस्था शतकानुशतके चालत आली. फड पद्धतीत बंधाऱ्याखालचे क्षेत्र फडांत विभागलेले असे आणि शेतकऱ्याची जमीन बहुधा निरनिराळ्या फडांत असे. पाणी तुटले की एखादा फड पडीक ठेवायचा. तोटा सर्वांनी वाटून घ्यायचा. पाणी सोडणारा पाटकरी गावाला बांधलेला होता. शहराच्या जलवाहिनीत मात्र तूट नेहमी शेवटच्या टोकालाच जाते, आणि व्हॉल्व्ह केव्हा व का फिरला हे टोकाच्या वस्तीला कोणी सांगत नाही. फडातही मोठा शेतकरी मोठाच होता, त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण टंचाईची वाटणी उघड होती.

पालिकांकडे पैसा नाही, हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही. जकात गेली, स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्यांना त्यातूनही सूट मिळाली. २०१७ च्या वस्तू व सेवा करानंतर पालिका राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसली. जळगावात त्यावर जुन्या हुडको कर्जाच्या परतफेडीचे ओझे पडले. घरकुल प्रकरणी ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरविले, हे वाचकांना आठवत असेल. मात्र भूमिगत टाकीवाल्याची घरपट्टी आणि पाणीपट्टी वसूल करण्यास कोणत्या कायद्याने हात बांधले आहेत?

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने दहा हजार विद्युत बसगाड्यांची योजना मंजूर केली. तीन लाखांवरील शहरे पात्र, आणि जेथे संघटित बससेवा नाही त्यांना प्राधान्य. लोकसंख्येच्या निकषात आपली दोन्ही शहरे बसतात. परंतु या योजनेत गाड्या खाजगी चालकाच्या, मोबदला किलोमीटरमागे आणि केंद्राचे साह्य दहा वर्षांपुरते. अकराव्या वर्षी तूट कोणी भरायची? वाहतूक कलम ६६ मधून ६३ मध्ये नेल्याखेरीज या प्रश्नाला पालिका बांधील राहणार नाही, आणि ही दुरुस्ती विधिमंडळाच्या अखत्यारीतील आहे. तोवर प्रत्येक प्रभागातील कार्यकर्त्यांनी दोन कागद मागावेत: व्हॉल्व्ह उघडण्याचे वस्तीवार वेळापत्रक, आणि बस सुरू होणार असेल तर तिच्या मार्गांचा आराखडा. त्यात औद्योगिक वसाहतीच्या पहाटेच्या पाळीची गाडी आहे की नाही, हे सर्वांत आधी पाहावे.