कारखान्यालाच संग्रहालय करा

सोलापुरात वस्त्रसंग्रहालय हवं असं म्हटलं की दोन उत्तरं हमखास येतात. उत्साही माणूस म्हणतो, बांधायचंच तर असं बांधा की पुण्या-मुंबईचे लोक वाट वाकडी करून बघायला येतील: काचेचा दर्शनी भाग, धोट्याच्या आकाराचं छप्पर, रात्रीची रोषणाई. व्यवहारी माणूस म्हणतो, नळाला दिवसाआडही पाणी येत नाही त्या शहरात इमारतीवर पैसा कशाला घालायचा? चार चादरी आणि एक जुना माग कुठल्याही हॉलमध्ये मावेल. दोघे एकमेकांशी कितीही भांडोत, एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे: इमारत म्हणजे आतल्या वस्तूंवरचं वेष्टन. मला तेच मान्य नाही. सोलापूरच्या यंत्रमाग कारखान्यांच्या भवानी पेठेपुरतं बोलायचं तर इमारत हीच इथली मुख्य वस्तू आहे.

आधी उत्साही मंडळींचं म्हणणं पाहू. त्यांचा हुकमी दाखला स्पेनमधल्या बिल्बावचा. लोखंड आणि जहाजबांधणीवर जगलेलं हे शहर उद्योग बसल्यावर कळाहीन झालं. 1997 साली फ्रँक गेरी यांच्या आराखड्याचं गुगेनहाइम संग्रहालय उघडलं आणि जगभरातून माणसं तिकडे लोटली. हे खरं आहे, पण अर्धंच. त्याआधी 1995 मध्ये तिथे मेट्रो धावू लागली होती, नदीत जाणारं सांडपाणी शुद्ध करण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं होतं, बंदर नदीच्या मुखाकडे हलवलं जात होतं. शहराने स्वतःला सावरायला घेतलं होतं, त्यावर ही इमारत चढली. नुसती इमारत उचलून सोलापुरात आणली तर तिच्यासोबत यातलं काहीच येणार नाही. शिवाय ती कुठल्याही शहरात शोभली असती, आणि जे कुठेही शोभतं त्याने सोलापूरची ओळख कशी घडणार? त्यापेक्षा लंडनचं टेट मॉडर्न अभ्यासण्याजोगं आहे. थेम्सकाठचं बंद पडलेलं वीजकेंद्र न पाडता 2000 साली त्यातच संग्रहालय उघडलं आणि 99 मीटरचं धुराडं जागच्या जागी ठेवलं. त्या शहराला आपल्या धुराड्याची लाज वाटली नाही.

आता व्यवहारी माणसाकडे वळू. ‘हॉल कुठलाही चालेल’ या त्याच्या म्हणण्याला सोलापुरातच उत्तर आहे. भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर महापालिकेने स्मारक म्हणून जपलं आहे. 1910 साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला आणि 1942 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारला. चीनमध्ये शिजियाझुआंगच्या हुतात्मा दफनभूमीत त्यांची समाधी आहे, पुतळा आहे. तरीही चिनी पाहुणे सोलापूरपर्यंत येतात. नुसती छायाचित्रंच पाहायची असती तर ती त्यांच्याकडेही आहेत. असा मुलगा कसल्या घरातून निघाला हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं असतं. ते घर पाडून त्या जागी वातानुकूलित सभागृह बांधलं असतं, तर त्यांनी आपल्याकडे नेमकं काय पाहायचं?

पुण्यात दिनकर केळकरांना हे फार आधी उमगलं होतं. दिवे, अडकित्ते, दरवाजे जमवून ते थांबले नाहीत. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी तो आपल्या संग्रहालयात पुन्हा उभा केला. वास्तूच वस्तू असते हे त्या माणसाने करून दाखवलं.

भवानी पेठेत तर काही उचलून आणायचीही गरज नाही. घोंगडे वस्तीच्या अंगाने गल्लीत शिरा. रस्त्याला लागून कारखाना, वर किंवा मागे बिऱ्हाड. मागाच्या डोक्यावर नक्षी विणवून घेणारं जॅकार्ड यंत्र बसतं, म्हणून त्या खोलीचं छत नेहमीच्या घरापेक्षा उंच घ्यावं लागतं. घराची उंची चादरीवरच्या नक्षीने ठरवलेली असते. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एकमेकांना दोऱ्याने ओवून माळेसारखी वरून लोंबत असतात. कार्डाला भोक असेल तिथला आकडा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि आडव्या धाग्याच्या दर खेपेला एक कार्ड पुढे सरकतं. तुळयांवर, तारांवर, वीजमीटरवर सुताचा पांढरा भुगा बसलेला. दाराशी सुपात पानं आणि तंबाखू घेऊन विड्या वळणारी बाई. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी. हा माग उचलून काचेच्या दालनात नेला की उरतं ते निव्वळ लोखंड. घराच्या भिंतींत तो असतो तेव्हा मात्र लहान मुलालाही कळतं की वरच्या मजल्यावरची माणसं माग थांबल्यावरच झोपत असणार.

गिरण्यांच्या वेळी आपण ही संधी घालवली. 1877 मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू ही नावं ज्यांच्या घरात रोज घेतली गेली, त्यांनी गिरण्या बंद पडताना थकलेल्या पगारासाठी लढा दिला आणि तो दिलाच पाहिजे होता. इमारतींसाठी भांडायचं बळ तेव्हा कोणाजवळ होतं? पण म्हणून कारखान्यांच्या बाबतीत तेच होऊ द्यायचं का?

एक आक्षेप मात्र वजनदार आहे: सोलापूरचा उन्हाळा आणि कारखान्यातली धूळ यांत जुनं कापड टिकेल का? नाही टिकणार. जुन्या रंगीत कापडाला 50 लक्सच्या आसपास, म्हणजे अगदी मंद, उजेड लागतो. त्यासाठी मागच्या बाजूला एक बंद, थंड, अंधारी खोली करावी आणि दुर्मीळ नग तिथे ठेवावेत. माग, धोटे, कांड्या, कार्डं यांना तिची गरज नाही. त्यांनी दर्शनी खोलीतच राहावं.

दुसरा आक्षेप मला जास्त लागतो. लोकांच्या हालअपेष्टांचं प्रदर्शन मांडू नका, असं काही जण कळवळून सांगतात. त्यांचा कळवळा खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. हाल झाकायचे असतील तर चकचकीत इमारतीसारखी जागा नाही. कारखान्यात एक यंत्रमाग दहा मिनिटं चालवा. शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येणार नाही. बारा-बारा तास त्या आवाजात उभं राहून कोणाचे कान गेले, तो भुगा कोणाच्या छातीत गेला, हे मग वेगळ्या फलकावर लिहावं लागत नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला अभिमान आहे, पण त्या चादरीची ओळख या खोलीशिवाय पुरी होत नाही.

शहराला दाखवायला इंद्रभुवन आहे, भुईकोट किल्ला आहे, तळ्यातलं सिद्धेश्वर मंदिर आहे. ती वैभवाची आणि श्रद्धेची ओळख आहे आणि ती जपलीच पाहिजे. ज्यांच्या हातांनी हे शहर पोट भरू लागलं, त्यांची वास्तू मात्र आपल्या कुठल्याच यादीत दिसत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. एकच कारखाना नको, लागून असलेले तीन-चार घ्या. विकत नव्हे, भाड्याने घ्या, आणि मालकाचं बिऱ्हाड वरच राहू द्या. माहिती सांगायला निवृत्त विणकर नेमा, मानधनावर नव्हे, पगारावर. आणि हे सगळं मंजूर व्हायच्या आधी वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना टेप घेऊन पेठेत पाठवा. जुने कारखाने पाडून आरसीसीचे मजले चढवणं रोज चालू आहे. छताची उंची, तुळयांची जागा, जिन्याचं तोंड, झरोक्यांची दिशा यांची मापं या वर्षी घेतली नाहीत, तर पुढे संग्रहालयाला पैसा मिळूनही ठेवायला घर मिळणार नाही.