पळवून नेल्याचा आरोप आणि आपला बचाव



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमारास एक माता माझ्या दाराशी येऊन उभी राहिली. हातातील पिशवीत शिधापत्रिका आणि मुलाचे दाखले होते. मुलगा दुसऱ्या जातीच्या एका मुलीसमवेत निघून गेला होता. मुलीच्या पित्याने ‘माझ्या मुलीस पळवून नेले’ अशी फिर्याद दिली होती आणि मुलाचा थोरला भाऊ दुपारपासून पोलिस ठाण्यात बसवून ठेवला होता. त्या माउलीने मला एकच प्रश्न विचारला : “वकीलसाहेब, पोरगी आपल्या पायानं चालत आली. मग माझ्या पोरानं पळवलं ते काय?”

हा प्रश्न आज आपल्या अनेक घरांत विचारला जात आहे. जातिसंस्था मोडावयाची तर आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ ह्या निबंधात निक्षून सांगितले. तो उपाय आपले तरुण आचरणात आणू लागले की समोरच्या घरातून पहिले जे शस्त्र उगारले जाते ते बहुधा ह्याच फिर्यादीचे असते. म्हणून ह्या आरोपाचा कायदा काय आहे, तो कोठे आपल्या बाजूने उभा राहतो आणि कोठे राहत नाही, हे प्रत्येक कुटुंबास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

पूर्वी हे गुन्हे १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलमे ३६१, ३६३ व ३६६ ह्यांखाली येत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि आता कलमे १३७, १३८ व ८७ पाहावी लागतात. कायदा येथे दोन निरनिराळ्या गोष्टी सांगतो. पहिली ही की, अठरा वर्षांखालील मुलास वा मुलीस कायदेशीर पालकाच्या संमतीवाचून त्याच्या ताब्यातून नेणे अथवा फूस लावून नेणे हा गुन्हा आहे. त्यास सात वर्षांपर्यंत कारावास व दंड आहे. येथे मुलीची संमती विचारातच घेतली जात नाही. दुसरी ही की, कोणत्याही वयाच्या माणसास बळजबरीने अथवा फसवून एखाद्या ठिकाणाहून नेणे. हे नेणे विशिष्ट दुष्ट हेतूने केले असेल तर शिक्षा होते. स्त्रीस तिच्या इच्छेविरुद्ध विवाह करावयास लावण्यासाठी नेले, तर दहा वर्षांपर्यंत कारावास आहे.

ह्यावरून ध्यानात येईल की साऱ्या खटल्याचा भार दोन खांबांवर उभा आहे : मुलीचे वय आणि मुलीची स्वतःची इच्छा. वकिलाचे वक्तृत्व त्यांच्या मागाहून येते. ज्याच्या हाती वयाचा पक्का कागद आहे आणि मुलीचा निर्भय शब्द आहे, त्याचा बचाव निम्म्याहून अधिक झालेला असतो. ज्याच्या हाती ह्यांपैकी पहिला खांबच नाही, त्याला उत्तमातला उत्तम वकीलही फार थोडी मदत करू शकतो.

प्रथम वयाचा विचार करू. वय ठरविण्याचा क्रम बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ मध्ये दिलेला आहे. मुलगी पीडित असेल तेव्हाही हीच रीत लावावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली जर्नैल सिंग खटल्यात, त्या वेळच्या नियमांच्या आधारे, सांगितले. सर्वांत आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला अथवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र पाहिले जाते. ते नसेल तर नगरपालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने ‘१ जून’ ही तारीख टाकल्याची उदाहरणे घरोघरी आहेत. आई म्हणते मुलगी एकोणीस वर्षांची, आणि शाळेचा दाखला म्हणतो अठराही पूर्ण नाहीत. न्यायालयात आईच्या आठवणीपेक्षा दाखल्याचे वजन अधिक ठरते.

त्या रात्रीच्या मातेस मी तोच कागद मागितला. मुलीची शाळा सोडल्याच्या दाखल्याची एक प्रत मुलाच्या फोनमध्ये निघाली. त्या तारखेप्रमाणे मुलीस अठरा पूर्ण होण्यास दोन महिने कमी होते. मला त्या माउलीस सांगावे लागले की, आपल्या पायाने चालत आली हे खरे असले तरी एवढ्याने आपला मुलगा सुटत नाही. ते सांगताना माझी जीभ जड झाली होती. पुढे त्या तरुणाने कित्येक महिने कारागृहात काढले. दोन महिने थांबला असता तर त्याच्यावरील फिर्यादीस पायाच उरला नसता.

‘मग अल्पवयीन मुलगी स्वतःहून आली तर काहीच बचाव नाही काय?’ असे आपण विचाराल. एक बचाव आहे, पण तो अरुंद आहे. मद्रासच्या वरदराजन खटल्यात कॉलेजात शिकणारी, अठराच्या उंबरठ्यावरील एक मुलगी नातेवाइकाच्या घरातून स्वतः निघाली. तिनेच त्या तरुणास टेलिफोन करून ठरलेल्या ठिकाणी बोलाविले आणि विवाहाच्या नोंदणीसाठी ती त्याच्याबरोबर गेली. खालच्या न्यायालयांनी तरुणास दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९६४ मध्ये तो निर्णय फिरविला. न्यायमूर्ती मुधोळकर ह्यांनी लिहिलेल्या त्या निकालाचे सार असे की, अल्पवयीनास ‘नेणे’ आणि तिला आपल्याबरोबर ‘येऊ देणे’ ह्या एकच गोष्टी नव्हेत. आपण काय करीत आहोत हे जाणण्याइतकी समज तिला असेल आणि घर सोडण्याच्या तिच्या निश्चयात आरोपीचा काही हात नसेल, तर तो ‘नेणे’ ठरत नाही.

परंतु ह्या निकालाचा आधार घेऊन कोणी बेफिकीर होऊ नये. १९७३ साली गुजरातमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, आरोपीने पूर्वीपासून भेटी, आमिषे, आश्वासने देऊन मुलीचे मन वळविले असेल, तर अखेरच्या दिवशी ती स्वतः चालत आली हा बचाव होत नाही. शिवाय २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली अठरा वर्षांखालील मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हाच आहे. तेथे तिची संमती चालत नाही आणि मंगळसूत्रही चालत नाही. तेव्हा माझे स्पष्ट मत असे की, मुलगी अठरा वर्षांची नसेल तर थांबणे हाच एकमेव बचाव आहे. ज्याचे प्रेम खरे आहे त्याला वर्षभर थांबता आले पाहिजे. त्या अवधीत मुलीचे शिक्षणही पुढे जाईल, आणि ज्या मुलीला आपण जोडीदार म्हणतो तिला निर्णय घेण्यास पुरेसे वय येऊ देणे हे आपले कर्तव्यही आहे.

आता सज्ञान मुलीचा विचार करू. येथे कायदा पूर्णपणे तिच्या बाजूने आहे. उत्तर प्रदेशातील लता सिंह ह्या सज्ञान स्त्रीने आंतरजातीय विवाह केला. तिच्या भावांच्या तक्रारीवरून पतीच्या बहिणी व नातलग ह्यांना तुरुंगात जावे लागले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो खटला रद्द केला आणि अशा दांपत्यास संरक्षण देणे हे पोलिसांचे कर्तव्य असल्याचे बजाविले. २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात अशा दांपत्यांसाठी सुरक्षित निवासाची तरतूद करण्याचे निर्देश राज्यांना दिले गेले. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये कर्नाटकातील लक्ष्मीबाई चंदरगी ह्यांचा खटला आला. ‘तू येथे येऊन जबाब दे, नाहीतर पतीवर अपहरणाचा गुन्हा नोंदवू’ असे तपास अधिकारी तिला सांगत होता. न्यायालयाने त्या वर्तनावर ताशेरे ओढले, दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहास कुटुंबाची वा जातीची संमती आवश्यक नाही असे म्हटले, आणि निकालपत्रात बाबासाहेबांच्या १९३६ च्या त्याच निबंधाचा आधार घेतला.

तथापि न्यायालयाचा निकाल पुस्तकात असतो आणि आपला मुलगा पोलिस ठाण्यात असतो. म्हणून काही गोष्टी कृतीत उतराव्या लागतील.

पळून जाऊ नका, कायद्यासमोर जा. मुलीने स्वतःच्या हाताने अर्ज लिहावा : मी सज्ञान आहे, स्वेच्छेने घर सोडले आहे, मला कोणीही पळविलेले नाही. सोबत वयाच्या दाखल्याची प्रत जोडून तो पोलिस ठाण्यास व जिल्हा पोलिस अधीक्षकांस द्यावा. पोच घ्यावी किंवा स्पीड पोस्टाची पावती जपावी. दंडाधिकाऱ्यापुढे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली, आपला जबाब नोंदवावा अशी तिने मागणी करावी. पोलिसांसमोरील जबाबाहून ह्या जबाबाचे मोल फार मोठे आहे. सज्ञान मुलीस तिच्या घरच्यांनी कोंडून ठेवले असेल तर उच्च न्यायालयात तिला हजर करण्याविषयी अर्ज करता येतो, आणि हजर झाल्यावर कोठे जावयाचे हे तीच ठरविते. दोघांचे फोनवरील संदेश भीतीपोटी पुसून टाकू नका. घर सोडण्याचा निश्चय तिचा होता हे दाखविणारा तोच पुरावा असू शकतो.

अटक झाल्यास कारण विचारण्याचा, आपल्या पसंतीच्या वकिलास भेटण्याचा आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिला आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात, अटकेची गरज काय हे पोलिसांनी लेखी नोंदविले पाहिजे, असे अर्नेश कुमार खटल्यात २०१४ साली ठरले. मुलाच्या आईस वा बहिणीस साक्षीदार म्हणून प्रश्न विचारावयाचे तर ते त्यांच्या राहत्या घरी विचारावे लागतात. स्त्रीस सूर्यास्तानंतर, अपवादात्मक परिस्थिती व दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी ह्यांवाचून, अटक करता येत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जातींच्या व्यक्तींस, स्त्रियांस आणि कोठडीतील प्रत्येकास विनामूल्य वकील मिळतो. दूरध्वनी १५१०० हा त्यासाठीच आहे.

विवाह नोंदवूनच करा. मुलगा एकवीस आणि मुलगी अठरा पूर्ण असली पाहिजे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस लागते, हे आधीच ध्यानात घेऊन सुरक्षिततेची व्यवस्था करावी.

आणखी एक गोष्ट. १९९० पासून धर्मांतरित बौद्धांस अनुसूचित जातींच्या सवलती व संरक्षण लागू आहे. त्यामुळे आपल्या माणसाविरुद्ध जाणूनबुजून खोटी फौजदारी कारवाई करणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. पण हे शस्त्र रागाच्या भरात, उलट फिर्याद म्हणून उपसू नका. आधी आपला बचाव पुराव्याने सिद्ध होऊ द्या. खोटेपणा उघडा पडल्यावरच त्या तक्रारीस धार येते.

शेवटी एक प्रश्न मी आपणांस विचारतो, कारण तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. उद्या आपली सज्ञान मुलगी दुसऱ्या जातीच्या मुलाबरोबर गेली, तर आपणही हीच फिर्याद घेऊन ठाण्यावर जाणार काय? गेलो, तर ज्या विचाराविरुद्ध आपण उभे आहोत तोच आपल्या घरात नांदतो आहे असे म्हणावे लागेल. मुलगी ही पित्याची अथवा जातीची मालमत्ता नव्हे, हे समोरच्या घरास सांगण्याचा अधिकार ते आपल्या घरात पाळणाऱ्यासच आहे.

म्हणून आज घरी गेल्यावर एवढे करा : आपल्या मुलामुलींना जवळ बसवा आणि ह्या विषयावर मोकळेपणाने बोला. त्यांच्या जन्मतारखेचे दाखले काढून पाहा आणि त्यांत चूक असेल तर आताच योग्य मार्गाने दुरुस्त करून घ्या. प्रेम करू नका असे त्यांना सांगू नका. सज्ञान होईपर्यंत थांबावे आणि त्यानंतर कोणासही भिऊन लपू नये, एवढेच सांगा. त्या रात्रीच्या माउलीस कोणी हे वेळेवर सांगितले असते, तर तिला माझे दार ठोठावावे लागले नसते.