कमी फिरणाऱ्या घरासाठी जुनी गाडी

मे महिन्याच्या सुटीत आणि ईदच्या आगेमागे आमच्या कोकणात जुन्या गाड्यांचे सौदे फार होतात. आखातातून सुटीवर आलेला मुलगा किंवा भाऊ परत जायच्या आधी ‘घरात एक गाडी असू दे’ म्हणतो, साठवलेली रक्कम पुढे करतो आणि आठवड्याच्या आत गाडी दारात उभी राहते. मग तो जातो आणि गाडी मागे उरते. ती चालवणार कोण, किती आणि कशासाठी, हा हिशेब पुष्कळ घरांत नंतर होतो. या महिन्यात तो आधी मांडू या. व्याजाचे कर्ज काढायचे नाही असे ज्या घरांनी ठरवले आहे, त्यांच्यासाठी तर तो फारच गरजेचा. कारण तिथे एकदाच रक्कम जाते आणि ती वर्षानुवर्षांची बचत असते.

आधी किलोमीटर मोजा

आमच्या ओळखीच्या एक शिक्षिका आहेत. घर रत्नागिरीपासून पस्तीस किलोमीटरवर. शाळेत जायला एसटी आणि स्कूटी पुरते. घरात दोन मुले आणि दम्याचा त्रास असलेली अम्मी. धाकटा भाऊ कुवेतला. गाडी घ्यायची म्हटल्यावर आम्ही त्यांना गणिताच्या वहीत वर्षाचा प्रवास लिहायला सांगितला. अम्मीला डॉक्टरांकडे नेणे महिन्यातून दोन फेऱ्या, म्हणजे वर्षाला 1,680 किलोमीटर. निकाह, दावती, नातेवाइकांकडे जाणे साधारण 1,200. बाजारहाट आणि इतर 1,100. बेरीज चार हजारांच्या आसपास.

याच चार हजार किलोमीटरसाठी भाड्याची गाडी पंधरा रुपये किलोमीटर धरली, तर वर्षाला साठ हजार होतात. स्वतःच्या गाडीला पेट्रोल लिटरला सतरा किलोमीटर आणि 105 रुपये दर धरून 24,700 लागतात. विमा आणि पीयूसी 8,000, सर्व्हिसिंग 7,000, टायर-बॅटरीसाठी बाजूला टाकायचे 6,000, आणि गाडीची किंमत दरवर्षी उतरते ती किमान 20,000. एकूण 65,700.

म्हणजे पैसे वाचवण्यासाठी गाडी घेतो आहोत, ही समजूत इथेच सोडावी. ज्यांचा प्रवास वर्षाला दोन हजार किलोमीटरच आहे, त्यांना भाड्याची गाडी तीस हजारांत पडते आणि स्वतःची पन्नास हजारांच्या वर जाते. अशा घरांनी वाडीतल्या एखाद्या भरवशाच्या रिक्षावाल्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवावा आणि बचत हातात ठेवावी. त्या शिक्षिकाबाईंचे कारण वेगळे होते. रात्री दोन वाजता अम्मीला धाप लागली, तर वाडीत गाडी मिळत नाही. त्या रात्रीसाठी वर्षाला पाच-सहा हजार जास्त द्यायला त्या तयार होत्या. हे कारण आम्हाला पटले.

डिझेलचा मोह

भावाने कुवेतहून फोनवर सांगितले, “आपा, डिझेलच घे. मायलेज बघ किती देते. मोठी गाडी येते त्याच पैशांत.” खरे आहे, जुनी मोठी डिझेल गाडी छोट्या पेट्रोल गाडीच्या भावात मिळते. पण ती त्या भावात का मिळते, ते पाहावे. चार हजार किलोमीटरला डिझेल, लिटरला वीस किलोमीटर आणि 92 रुपये धरून, 18,400 रुपयांचे लागेल. वर्षाची बचत 6,300. टर्बो, इंजेक्टर किंवा क्लच यांपैकी एक काम निघाले, की कित्येक वर्षांची बचत एका दिवसात जाते.

एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी अधूनमधून लांब आणि वेगाने चालली, तरच ती काजळी जळून फिल्टर साफ होतो. रोज बाजार ते घर एवढीच चालणारी गाडी फिल्टर तुंबवून घेते. म्हणून कमी फिरणाऱ्या घराने पेट्रोलच घ्यावी. सीएनजीवर इंधनाचा खर्च आणखी उतरतो, पण डिकी सिलिंडरने भरते, सिलिंडरची दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते आणि पंपावर रांग असते. वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर फिरणाऱ्यांसाठी ती ठीक.

कोणत्या साली तयार झालेली?

आमचा सल्ला असा, की शक्यतो जुलै 2019 नंतर तयार झालेली गाडी पाहावी. एप्रिल 2019 पासून सर्व नव्या गाड्यांना एबीएस ब्रेक आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून चालकाची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर आणि सीटबेल्टची आठवण देणारी घंटी सक्तीची झाली. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये यातले काही नसण्याची शक्यता असते. चालकाशेजारच्या सीटची एअरबॅग जानेवारी 2022 पासूनच्या सगळ्या नव्या गाड्यांत असते. त्याआधीच्या गाडीत ती आहे का, ते विचारून घ्यावे. आपल्याकडे त्या सीटवर बहुधा अम्मीच बसलेली असते.

छोट्या पेट्रोल गाड्यांत मारुतीची वॅगनआर (2019 चे नवे रूप), सेलेरिओ, स्विफ्ट, ह्युंदाईची सँट्रो आणि ग्रँड आय-10, टाटाची टियागो ही नावे पाहण्यासारखी. वॅगनआरला उंच दार आणि मोठी डिकी आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढ-उतार सोपा जातो आणि सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत मात्र 2019 साली वॅगनआर आणि सँट्रोला दोनच तारे मिळाले, टियागोला 2020 साली चार. ज्यांचा प्रवास महामार्गावर जास्त आहे, त्यांनी हा फरक मनात ठेवावा.

फोर्ड, शेवरोले, डॅटसन या गाड्या फार स्वस्त दिसतात. शेवरोलेची आपल्या देशातली विक्री 2017 मध्ये थांबली, फोर्डने 2021 मध्ये इथले उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले आणि डॅटसन 2022 मध्ये बंद झाली. शहरात ओळखीचा मेकॅनिक असेल तर गोष्ट वेगळी, गावात राहणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

आणखी एक. सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. जुन्या गाडीचा भाव ठरवण्याआधी त्याच मॉडेलची आजची नवी किंमत विचारून घ्यावी. कित्येक विक्रेते अजून आधीच्या नव्या किमतीच्या हिशेबाने भाव सांगतात.

‘फार चालली नाही’ म्हणजे काय?

आमच्याकडची पुष्कळ वाहने वर्षातले दहा महिने शेडमध्ये उभी असतात. किलोमीटर कमी दिसतात, लोक खूश होतात. पण उभी गाडीही झिजते. टायर कडक होऊन भेगा पडतात, बॅटरी उतरते, रबरी पाइप सुकतात, ब्रेक चिकटतात, उंदीर वायरी कुरतडतात. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. 3419 म्हणजे 2019 सालचा चौतिसावा आठवडा. सहा वर्षे झालेला टायर नक्षी शाबूत असली तरी बदलावा.

शिक्षिकाबाईंनी पाहिलेली 2019 ची वॅगनआर 28,000 किलोमीटर चालली होती. टायर चारही मूळचेच होते. त्यावरून दोन गोष्टी कळल्या. मीटरचा आकडा खरा असावा आणि टायर लगेच बदलावे लागणार. चार टायर आणि बॅटरीचे वीस हजार त्यांनी भावातून कमी करून घेतले. मालकानेही हुज्जत घातली नाही.

मीटर मागे फिरवण्याचे प्रकार होतात. म्हणून ब्रेकच्या पायपट्टीचे रबर, स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कड आणि चालकाच्या सीटची दबलेली बाजू पाहावी. तीस हजार चाललेल्या गाडीत या गोष्टी घासलेल्या दिसल्या तर संशय घ्यावा. मालकाला सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर जुन्या नोंदी पाहाव्यात. प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर लिहिलेले असतात.

पुराचे पाणी हा आमच्या भागातला मोठा धोका. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणमध्ये असंख्य गाड्या बुडाल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जाऊ शकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ आहे का पाहावी. डिकीतले जादा चाक उचलून खाली माती आहे का, सीटच्या रुळांना गंज आहे का, गालिच्याखाली कुबट वास येतो का, हे तपासावे. किनाऱ्यालगतच्या गाडीचे दारांचे तळ आणि चाकांवरचे पत्रे बोटाने दाबून पाहावेत. खारी हवा रंगाच्या आतून पत्रा खाते.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि ‘आम्ही यायच्या आधी सुरू करू नका’ असे सांगावे. थंड इंजिन एका किल्लीत सुरू झाले पाहिजे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधी चिकटा दिसला तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शंका घ्यावी. शेवटी आपला मेकॅनिक सोबत न्यावा, विक्रेत्याचा नव्हे. त्याला पाचशे-हजार रुपये द्यावेत. एवढा स्वस्त विमा दुसरा नाही.

कागद पक्के, मगच चावी

आरसी बुकावर मालक कितवा आहे, बँकेचा बोजा आहे का आणि नोंदणी कोणत्या तारखेपर्यंत आहे, ते पाहावे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे ती तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढते, फी आणि पर्यावरण कर भरावा लागतो. दिल्लीकडच्या गाड्या स्वस्त येतात, कारण तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. पण तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि इथला रस्ता कर धरला, की स्वस्ताई उरत नाही.

बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. जुनी ई-चलने विक्रेत्याकडून भरून घ्यावीत. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, तो आपल्याला मिळत नाही.

आपल्या समाजात गाडी बहुधा नात्यात विकली जाते. ‘घरचाच माणूस आहे, नाव सावकाश करू’ असे म्हणून वर्षे जातात. 2018 साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गाडी कितीही हातांतून गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक. म्हणजे भाचा गाडी चालवणार आणि नोटीस कुवेतला बसलेल्या मामूच्या नावाने येणार. मालक सुटीवर गावी असेपर्यंतच अर्ज भरून टाकावा. नाते टिकवायचे असेल तर कागद वेळेवर करावेत.

घेतल्यानंतर

कमी चालणाऱ्या गाडीला आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर न्यावे. दारात पाच मिनिटे इंजिन सुरू ठेवून बॅटरी भरत नाही. किलोमीटर तीन हजारच झाले असले तरी इंजिन ऑइल आणि फिल्टर वर्षातून एकदा बदलावे. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावे. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर हँडब्रेक ओढून न ठेवता गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला दगड लावावा, म्हणजे ब्रेक चिकटत नाही. टायरमधली हवा महिन्यातून एकदा पाहावी. आणि घरातल्या किमान दोघांना गाडी चालवता यावी, त्यांत एक बाई असावी. रात्री दोन वाजता चालवणारा माणूस घरात नसेल, तर दारातल्या गाडीचा काय उपयोग?

शेवटी एक गोष्ट विकणाऱ्यांसाठी. मालातला ऐब माहीत असून लपवणे आपल्या दीनमध्ये हराम आहे, हे धान्याच्या दुकानदाराला जसे लागू, तसेच गाडी विकणाऱ्यालाही. क्लच गेलेला असेल तर ‘क्लच गेलेला आहे’ असे आधी सांगावे आणि तेवढे पैसे कमी घ्यावेत. त्याच गाडीत उद्या कुणाची तरी अम्मी बसणार आहे.